आर्मी डिस्पोजलचा जुना शक्तिमान ट्रक: गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वापरून काय वाटलं

बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझ्याकडे आर्मीतून निघालेला जुना शक्तिमान आहे, डिझेल, फोर बाय फोर, पुढे नाक असलेला. तो मी शोभेला अंगणात उभा केलेला नाही, कुळागरातलं (नारळ-सुपारीच्या बागेतलं) शेणखत, नारळ, चिरे, मे महिन्यात पाण्याची टाकी असल्या कामाला वापरतो, त्यामुळे हा रिव्ह्यू व्हिडिओत धूर सोडून दाखवणाऱ्यांसारखा नाही. दोन गोष्टी आधीच सांगतो म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही ते सुटले. एक, या गाडीत इंजिन हा प्रॉब्लेमच नाही. दोन, ही गाडी गोव्यात अजून चालतेय ती खाणपट्ट्यातल्या मेस्तांच्या, म्हणजे मेकॅनिकांच्या जिवावर, आणि ते मेस्त आता म्हातारे होत चाललेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मॅन कंपनीचा ४१५ मॉडेलचा ट्रक. त्याचं लायसन्स घेऊन १९५९ पासून जबलपूरला बनायला लागला, आधी गन कॅरेज फॅक्टरीत आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी झाल्यावर तिथे. १९९६ च्या आसपास बंद झाला, मग आर्मीने अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा अडीच टनी घेतला. म्हणजे आज तुम्हाला मिळणारा सगळ्यात तरुण शक्तिमानसुद्धा तिशीच्या घरातला असणार. आर्मीतले लोक याला थ्री टनर म्हणायचे, आणि रिटायर्ड फौजी दिसला की हमखास येऊन बॉनेटवर हात फिरवून कुठल्या युनिटला कुठे चालवला ते सांगत बसतो. त्यात अर्धा तास जातो, पण ऐकायला मजा येते हे कबूल.

आता इंजिन. सहा सिलिंडर, पंप पूर्ण मेकॅनिकल, सेन्सर नाही, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर नाही, युरियाची टाकी नाही. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून टाकली तरी चालत राहतं, बंद करायला मूठ ओढायची, डिझेल तुटतं, संपलं. नवीन बीएस-सिक्स टिपरवाला मित्र आहे माझा, त्याच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि मग स्कॅनर घेऊन माणूस येईपर्यंत हा बिचारा रस्त्याच्या कडेला, भाडं गेलं ते गेलंच. माझ्याकडे तसलं काही नाही, जे बिघडतं ते दिसतं, ऐकू येतं किंवा गळतं.

सगळ्यात जास्त वेळा काय होतं तर एअर धरते. डिझेलच्या लाइनमध्ये कुठेतरी वॉशर ढिला किंवा पाइप चिरलेला असतो, तिथून हवा आत जाते, गाडी भुकभुक करत बंद पडते. केरीच्या पुढे चोर्ला घाट सुरू होतो तिथे एकदा पडली. काम सोपं आहे, फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा, फीड पंपाला हातानं दाबायचा जो प्रायमर असतो तो दाबत राहायचं, स्क्रूतून आधी फेस येतो, मग फेस आणि डिझेल मिसळून येतं आणि मग बुडबुडा नसलेली सरळ धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. पंपावरच्या स्क्रूला परत तेच. मग सेल्फ मारला की दोन गचके देऊन सुरू. दहा नंबरचा पाना, एक फडका आणि एवढी अक्कल गाडीत ठेवली की टो करायची पाळी फार कमी येते. हात मात्र दिवसभर डिझेलने वास मारतात, जेवताना सुद्धा.

इथे एक सांगतो, बरेच लोक म्हणतात की आताचं डिझेल जुन्या पंपाला चालत नाही, सल्फर काढल्यामुळे कोरडं झालंय म्हणून टू-स्ट्रोक ऑइल मिसळा वगैरे. एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम सल्फरचं डिझेल आहे हे बरोबर, पण वंगणपणाची मर्यादा डिझेलच्या सरकारी मानकातच घातलेली आहे, रिफायनरी त्यासाठी अ‍ॅडिटिव्ह घालते. मी काही मिसळत नाही. पंपाची जुनी रबरी सीलं मात्र गळतात, ती एकदा सगळी बदलून घ्या आणि पंप कॅलिब्रेट करून घ्या. आपल्याकडे डिझेलपेक्षा पाण्याची भीती जास्त. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली की आत दव धरतं, ते पाणी तळाला बसतं, त्यावर काळा चिकट शेवाळासारखा थर येतो आणि फिल्टर चोंदतो. जून ते सप्टेंबर टाकी भरलेली ठेवायची आणि तळाचा बोल्ट अधूनमधून सोडून पाणी काढायचं. हा खर्चिक उपाय आहे कारण टाकी भरायची म्हणजे खिसा रिकामा, पण इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या सेटपेक्षा स्वस्त.

बरं, मेस्तांचं. गोव्याबाहेरच्या लोकांना हे कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. डिचोली, साखळी, उसगाव, तिस्क, धारबांदोडा हा सगळा खाणीचा पट्टा, इथे टिपरच टिपर होते आणि टिपर म्हटलं की चोवीस तास गॅरेज, लेथवाला, पाट्यावाला (स्प्रिंगच्या पाट्यांचा), टायरवाला, पंपवाला, बॅटरीवाला, वेल्डर, सगळे रस्त्याला लागून. एकेका मेस्ताच्या हाताखालून एवढे मेकॅनिकल पंपाचे डिझेल गेलेत की तो बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून कुठला नोझल टपकतोय ते सांगतो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, मार्च २०१८ ला परत बंद. टिपर रस्त्याकडेला गवतात उभे राहिले, काही भंगारात गेले. मेस्तांमधले काही जेसीबीकडे वळले, काही गल्फला गेले, काहींनी शटर ओढलं. जे उरलेत ते पन्नाशी-साठीचे, आणि त्यांच्या मुलांना ग्रीसमध्ये हात घालायचा नाही, त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

माझी गाडी तिस्कच्या बाजूचे एक मेस्त बघतात. त्यांनी शक्तिमान आधी एकदोनदाच उघडला होता, पण म्हणाले, "डिझेल तें डिझेल." पहिल्यांदा गाडी बघितल्यावर खालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "बाब, इंजिनाक कांयच जावचें ना, तुमच्या कमराक मात जातलें." इंजिनला काही होणार नाही, कंबरेला मात्र होईल, दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

कंबरेचं सांगतोच. स्टिअरिंग नुसतं मेकॅनिकल, पॉवर बिवर काही नाही. उभ्या गाडीत चाक वळवायचा प्रयत्न करू नका, खांदा जाईल, थोडी सरकती ठेवून वळवायचं. सिंक्रो नसलेला गिअरबॉक्स, म्हणजे डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडत नाही, खाली उतरताना मध्ये न्यूट्रलला येऊन रेस द्यावी लागते, आणि ती कमी-जास्त झाली की असा आवाज येतो की बसस्टॉपवरची माणसं वळून बघतात. महिन्याभरात जमतं. जमलं की मग मात्र साध्या गाडीत बसल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. केबिनमध्ये इंजिनची उष्णता पायावर येते, एप्रिल-मेमध्ये तर हाल. पाटे इतके कडक की रिकामी गाडी उडते आणि दोन टन माल टाकला की मग शहाण्यासारखी चालते. ब्रेकला हवा भरल्याशिवाय निघायचं नाही, सकाळी सुरू करून काटा वर येईपर्यंत चहा होतो. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं, आपल्या दमट हवेत एका दिवसात भांडंभर नाही पण पिचकारी निघतेच. वेग म्हणाल तर पन्नासच्या वर मी नेत नाही, जाते जास्त, पण मग आवाज एवढा होतो की शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. पणजीहून मडगावला जायला हायवेवर ही गाडी काढणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार. आणि गावातले रस्ते, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, समोरून कदंबची बस आली की कोणीतरी मागे जायचं आणि तो कोणीतरी प्रत्येक वेळी तुम्हीच असता. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला नेऊन पार्किंग शोधणं वगैरे विनोद सोडून द्या.

मायलेज चारच्या आसपास. उतारावर साडेचार म्हणा, फोर व्हील टाकून चिखलात फिरवली तर तीनसुद्धा नाही. ज्यांना हे ऐकून धक्का बसला त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

पण काम करते राव. कुळागरात उतरायला आमच्याकडे जो रस्ता आहे त्याला रस्ता म्हणायचं तर म्हणा, जुलैमध्ये तांबड्या चिखलाची घसरगुंडी असते, पिकअप तिथे चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतते. शक्तिमान पहिल्या गिअरला, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) लोमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता नुसत्या आयडलवर चढतो. २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला तेव्हा, ज्याला मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा म्हटलं होतं तो, वाळपईच्या बाजूला लोकांची घरं चिखलाने भरली होती, त्यानंतरच्या आठवड्यात भिजलेले तांदूळ, गाद्या, कपाटं काढायला आमचा ट्रक गल्लोगल्ली फिरला. कमरेएवढ्या पाण्यातून गेला. इलेक्ट्रॉनिक काही नाही म्हणून बंद पडायला काही कारणच नाही, फक्त पंख्याने पाणी उडवू नये म्हणून पट्टा ढिला केला होता आणि सावकाश नेला.

त्याची किंमत नंतर भरली. अ‍ॅक्सलचं गरम हाउसिंग एकदम थंड पाण्यात गेलं की आत पोकळी होते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. मेस्तांनी मागच्या हाउसिंगचा खालचा बोल्ट सोडला तर आधी नुसतं पाणीच आलं आणि मग दूध जास्त झालेल्या चहासारखं ऑइल. पुढच्या हबचं ग्रीस पांढरं पडलेलं. दोन्ही हाउसिंग, ट्रान्सफर केस, सगळ्यांचं ऑइल टाकून दिलं, डिझेलने धुतलं, नवीन भरलं, थोडं चालवून परत काढलं आणि परत भरलं, कारण पहिल्या भरण्याने कोपऱ्यातलं पाणी निघत नाही. पाण्यातून ट्रक नेतानाचे व्हिडिओ टाकणारे हा भाग कधी टाकत नाहीत. पाण्यात गेलात की त्याच आठवड्यात ऑइल बघा, पुढच्या महिन्यात बघू म्हणालात तर बेअरिंगला गंज धरतो.

गंजाचंही तसंच. आर्मीच्या गाड्यांची एक गंमत असते, किलोमीटर कमी आणि वय जास्त. वर्षानुवर्षं शेडमध्ये किंवा उघड्यावर उभ्या, त्यामुळे पिस्टन-लायनर ठणठणीत आणि रबर सगळं मेलेलं: होज, ब्रेकचे कप, दाराच्या पट्ट्या, पंख्याचा पट्टा, इंजिनखालचे माउंटिंग. हे सगळं घेतल्या घेतल्या बदलायचं, एकेक फुटेल तसं बदलू असं म्हणायचं नाही. चेसीस जाड आहे, तिला वरवरचा गंज काही करत नाही, पण केबिनचा तळ, पायाखालचा पत्रा, काचेच्या रबराखालची कड, या जागा गोव्यात टिकत नाहीत. आम्ही सत्तरीत, समुद्र लांब, तरी तांबडी माती चेसीसच्या खाचांत बसून ओल धरून ठेवते. मोरजी-हरमलच्या बाजूला ठेवणार असाल तर खारं वारं आहे, दर उन्हाळ्यात खालून खरवडून प्रायमर मारायची तयारी ठेवा. जळकं ऑइल मारतात काही जण, गंज थांबतो पण मग गाडीखाली काम करणाऱ्या मेस्ताच्या शिव्या खाव्या लागतात.

टायर. हा भाग नीट वाचा कारण इथे माणूस मरू शकतो. जुन्या रिमला एक बाजूची कड सुटी असते, ती कड आणि तिला अडकवणारी लॉक रिंग. ट्यूब, फ्लॅप, टायर, मग कड, मग रिंग असं बसवून हवा भरली की हवेच्या दाबानेच रिंग खाचेत घट्ट बसते. रिंगच्या खाचेत गंज असेल, रिंग वाकलेली असेल किंवा दुसऱ्याच रिमची असेल तर हवा भरताना ती सुटते, आणि सुटली की तोफेच्या गोळ्यासारखी जाते. टिपरवाल्या जुन्या टायरवाल्यांना हे पक्कं माहीत, ते हवा भरण्याआधी रिमभोवती जाड साखळी गुंडाळतात, रिंग स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या तोंडासमोर कधी ठेवत नाहीत आणि लांब नळी लावून बाजूला उभे राहतात. चाक खोलण्याआधी वॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोडतात, पूर्ण म्हणजे पूर्ण. हायवेवरच्या एका नवीन दुकानात पोरगा रिंगवर वाकून हातोडी मारत हवा भरत होता, मी चाक तसंच उचलून परत आणलं. पोराला वाईट वाटलं असेल, वाटू दे. तुमच्याकडे ट्रक असेल तर टायरवाला ठरलेला पाहिजे, जवळचा नव्हे, जाणता. रिंगला तडा दिसला की वेल्डिंग करून वापरायची नाही, ती भंगार. टायर ९००-२० मापाचे नायलॉन, नवे मिळतात, खडबडीत नक्षीचे महाग पडतात. रिमोल्ड, म्हणजे नवी नक्षी चढवलेले जुने टायर, मी पुढे लावत नाही, मागे चालतात.

पार्टचं म्हणाल तर, फिल्टर, पट्टे, बेअरिंग, सील, क्लच प्लेटचं लायनिंग हे मापावर मिळतं, म्हापसा-फोंड्याला फिरून जमतं, बेअरिंगवर नंबर असतो तो दाखवायचा, ट्रकचं नावच घ्यायचं नाही. शक्तिमान म्हटलं की दुकानदार एकतर हसतो किंवा भाव वाढवतो. बाकीचं बेळगावला, उद्यमबागेत लेथ-मशिनिंगची कामं चांगली होतात, बुश, पिन, शाफ्टचा दात, सगळं नमुना देऊन करून घेता येतं. कास्टिंग फुटलं तर कोल्हापूर. अगदी शक्तिमानचेच असे पार्ट, म्हणजे ट्रान्सफर केसचे गिअर वगैरे, हे उत्तरेत हरियाणाच्या कालांवाली भागात मिळतात, तिथे आर्मीच्या निकाली गाड्यांचा आणि सामानाचा मोठा बाजार आहे. फोनवर फोटो पाठवून मागवता येतं, फक्त फोटोतला पार्ट आणि आलेला पार्ट एकच आहे का ते नशीब. ट्रान्सपोर्टचं भाडं पार्टपेक्षा जास्त होतं कधीकधी.

आता कागद. खरं दुखणं इथे आहे, बाकीचं सगळं पाना-हातोडीने सुटतं.

आर्मीची गाडी आर्मीत असेपर्यंत तिची नोंदणी वेगळी, ती बाण असलेली प्लेट, मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली. गाडी संरक्षणाच्या कामातून निघाली की तिची साध्या गाडीसारखी नोंदणी करून घ्यावी लागते. निकाली गाड्या लिलावात जातात, बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात, आणि तिथे एकेक गाडी नसते, लॉट असतो, बयाणा भरा, सगळा लॉट उचला. म्हणजे तुम्ही-आम्ही घेणारच नाही, व्यापारी घेतो आणि त्याच्याकडून आपण. त्यातही काही लॉट भंगार म्हणून विकलेले असतात, बीईआर ठरवलेले, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही असे. भंगार म्हणून विकलेली गाडी रस्त्यावर पास करून घेणं विसरा, मग व्यापारी काहीही सांगू दे. "कागज हो जायेगा सर" हे वाक्य ऐकलं की उठायचं. एका एजंटने माझ्या ओळखीच्या माणसाकडून पैसे घेऊन दुसऱ्याच कुठल्यातरी मेलेल्या ट्रकचं आरसी आणून दिलं होतं, चेसीस नंबर घासून तोच कोरायची तयारीही दाखवली, ती गाडी आज डिचोलीच्या बाजूला एका भाटात (बागेत) उभी आहे, कोंबड्या बसतात तिच्यावर. आणि घासलेला चेसीस नंबर म्हणजे पोलीस केस, हे लक्षात असू दे.

म्हणून माझा सल्ला, लिलावातली घेऊ नका. आधीच सिव्हिल पासिंग झालेली, कोणीतरी वर्षानुवर्षं कर-विमा भरून चालवलेली घ्या. मी तशीच घेतली, बेळगावकडच्या एका कंत्राटदाराची, केए पासिंग. तिकडून एनओसी, इकडे कर, पासिंग, जीए नंबर, यात चपला झिजल्या पण झालं.

रंगाचं लक्षात ठेवा. ऑलिव्ह ग्रीन रंग लष्करी गाड्यांशिवाय कोणाला चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ मध्ये स्पष्ट लिहिलंय. व्हिडिओत दिसतो तसा हिरवा ठेवायचा असेल तर दंडाची तयारी ठेवा. माझा आता निळा आहे, लोक म्हणतात शोभत नाही. खतात काय शोभायचंय.

मग दरवर्षीचा खर्च. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या वर गेली की फिटनेस दरवर्षी, आणि १५ वर्षांवरच्या अवजड ट्रकची फिटनेस नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून १,५०० वरून थेट १२,५०० केली, त्यानंतर वाढीच्याच गोष्टी. थर्ड पार्टी विमा, ७,५०० ते १२,००० किलो वजनाच्या मालवाहू गाडीला २०२२ च्या दरपत्रकात २७,१८६ रुपये आणि वर जीएसटी. परमिट लागतं. लायसन्स साध्या कारचं ७,५०० किलोपर्यंत चालतं, ट्रकचं भारासकट वजन त्याच्या वर गेलं की वेगळं काढावं लागतं. पीयूसीला धुराची मर्यादा जुन्या डिझेलला ६५ हार्ट्रिज (धूर मोजायचं एकक), पंप नीट असेल तर पास होते, पण एकदा नोझल टपकायला लागले की नाही होत. दिल्लीसारखं १० वर्षांवरच्या डिझेलचं लचांड गोव्यात नाही, एवढंच समाधान. पण वारं कुठल्या दिशेने आहे ते दिसतंच, सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करून त्या भंगार केंद्रात पाठवायचा नियम झालाय. लष्कराच्या ऑपरेशनल कामाच्या खास गाड्यांना सूट आहे त्यात, तरी पुढे असले ट्रक बाजारात कमीच येणार. भाव वाढतील म्हणून आत्ता घेऊन ठेवतो म्हणणारे आहेत काही. दरवर्षी फिटनेस आणि विमा भरून कसली गुंतवणूक ते त्यांनाच माहीत.

म्हणजे वर्षाला गाडी जागची न हलवता एवढे पैसे जातात. आठवड्यातून एकदाही काम नसेल तर भाड्याने पिकअप बोलवा, हिशेब सोपा आहे. माझं परवडतं कारण आमचं आणि शेजारच्या दोन भाटांचं मिळून काम असतं. शिगमो आला की चित्ररथासाठी मंडळवाले येतात, "दादा, ट्रक द्या, ओल्ड लुक आहे." नाही देत. चार तास मुंगीच्या वेगाने, क्लचवर पाय ठेवून, वर जनरेटर बसवायला फाळक्याला भोकं पाडणार. मागच्या वर्षी देवस्थानच्या माणसांनी येऊन सांगितलं म्हणून दिला होता, भोकं अजून आहेत.

स्टॅलियन किंवा टाटाचा अडीच टनी घेऊ का असं विचाराल तर, माझं मत, शौक नसेल आणि कामच करायचं असेल तर तेच घ्या. टाटात ६९७ चं इंजिन, त्याचे पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतात. स्टॅलियनमध्ये हिनोचं, लेलँडच्या इतर ट्रकमध्येही तेच आलं. स्टॅलियन मोठा आहे, आमच्या गडग्यांत मावत नाही, म्हणून मी नाही घेतला. कागदांचं झेंगट मात्र सगळ्यांना सारखंच.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत उद्या येतो म्हणा. थंड इंजिन सुरू होताना पांढरा धूर थोडा वेळ येऊन गेला तर ठीक, निळा येतच राहिला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण काढून बघा, वाफ जोरात येते का. फोर व्हील टाकून गाडी पुढे-मागे करून बघा, बऱ्याच जणांनी पुढचा शाफ्ट काढून ठेवलेला असतो. खाली झोपून हाउसिंगचा रंग बघा, ताजा रंग मारलेला असेल तर गळती झाकलीय. किंमत ठरवताना भंगाराचा भाव विचारून ठेवा, पाच टनाच्या आसपास लोखंड आहे, त्याच्या खाली मालक येणार नाही आणि त्याच्या दुप्पटच्या वर तुम्ही जाऊ नका. आणि हे सगळं करण्याच्या आधी, गाडी सुरू करायलाही सांगू नका, चेसीसवरचा नंबर तारेच्या ब्रशने साफ करा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. एक आकडा जरी पुसट असेल तर घरी या, मालक कितीही चहा पाजो.